बावीस तोंडांची पंगत

वाचकाचं पत्र:
"आमच्याकडे खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे, साधारण दीडशे लिटर पाणी. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प, चार हर्मिट खेकडे. संक्रांतीच्या सुमारास मुंबईच्या एका दुकानातून नारिंगी 'सन कोरल' आणलं. मोजली तर बावीस तोंडं आहेत. दुकानदार म्हणाला, नावातच सूर्य आहे, लाइटखाली वर ठेवा आणि रोज हे हिरवं फायटो दहा मिली घाला. महिना झाला, दिवसा ते एकदाही उघडलं नाही. एकदा रात्री दोनला पाणी प्यायला उठले तेव्हा मोबाईलच्या उजेडात पिवळी फुलं दिसली आणि बघता बघता मिटली. आता तोंडांच्या मधलं मांस पातळ झालंय, कडांना पांढरं दिसतंय. नायट्रेट ४० आलं. चुकतंय काय? त्याच दुकानात गुलाबी झाडासारखं 'कार्नेशन' आणि लाल फांद्यांचं 'रेड फिंगर' आहे, ते घ्यावं का? आणि कोरलजवळच्या दगडावर, काचेवर नारिंगी ठिपके आलेत. ते कशाचे?"
– एक वाचक, भुसावळ

ताई,

तुमचं कोरल आजारी नाही, उपाशी आहे. महिनाभर तुम्ही त्याला जे घालताय ते त्याचं अन्नच नाही, आणि जे अन्न आहे ते त्याच्या तोंडापर्यंत पोचत नाही. मांस पातळ होणं, कडांना सांगाडा दिसू लागणं ही उपासमारीचीच लक्षणं. बावीसच्या बावीस तोंडांभोवती अजून नारिंगी मांस शिल्लक असेल तर ते वाचेल.

आपल्या टाक्यांत दिसणाऱ्या बहुतेक कोरलांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि घरभाड्यासारखी त्यातली बरीचशी कोरलला देतं. म्हणून त्यांचं निम्मंअधिक भागतं ते लाइटवर. सन कोरलच्या अंगात हे भाडेकरू नाहीतच. समुद्रात ते कपारीत, खडकाच्या छताखाली, धक्क्यांच्या खांबांवर, पुष्कळदा उलटं लटकलेलं सापडतं आणि प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव पकडून खातं. 'सन' हे नाव फुललेल्या पॉलिपच्या, म्हणजे एकेका तोंडाच्या, आकारावरून पडलं. उजेड त्याला मारत नाही, पण उपयोगही शून्य. उलट मांस मागे सरकून उघड्या पडलेल्या सांगाड्यावर उजेडात शेवाळ धरतं, आणि शेवाळ धरलेल्या जागेवर मांस परत चढायला फार त्रास होतो. तेव्हा आज पहिलं काम म्हणजे ते वरून उचलून दगडाच्या आडोशाला, मध्यम उंचीवर ठेवणं. वाळूवर नको. खेकडे वाळू उडवतात, ती तोंडांत साचते.

ओळख पक्की करून घ्या, कारण दुकानातल्या नावांवर विसंबण्यात अर्थ नाही. करंगळीच्या नखाएवढ्या गोल वाट्या, खाली कठीण चुनखडी सांगाडा, वाट्यांच्या मधल्या जागेवरही मांसाचा थर आणि सगळं मिळून ढेकळासारखा गोळा असेल तर ते ट्यूबॅस्ट्रिया. वाट्या लांब देठांवर, फांद्यांसारख्या फुटलेल्या असतील तर डेंड्रोफिलिया असण्याची शक्यता जास्त. एकेकटी, बाजूने चेपल्यासारखी वाटी दिसली तर बॅलॅनोफिलिया. तिघांचं जेवणखाण सारखंच असल्यामुळे इथे चूक झाली तरी बिघडत नाही. बिघडतं ते डंकन नावाच्या कोरलच्या बाबतीत. तेही त्याच कुळातलं, नळ्यांच्या टोकाला तोंडं असलेलं, पण त्याच्या तोंडाभोवतीच्या तबकडीवर हिरवट-करडी झाक असते आणि त्याच्या अंगात शैवाल असतं. त्याला आडोशाला ठेवलंत तर त्याचं नुकसान. दुसरी गल्लत 'यलो पॉलिप'ची. ते झोअँथिडांपैकी, म्हणजे कठीण सांगाडा नसलेल्या पॉलिपांपैकी, पिवळं, पण बोटाने चाचपलं तर खाली कठीण वाटी लागत नाही. साधारण खूण अशी, की अंगावर कुठेच तपकिरी किंवा हिरवी झाक नाही, नुसता भडक नारिंगी, पिवळा, लाल किंवा गुलाबी रंग आहे आणि फुलणं अंधारात आहे, तर ते शैवालाविना जगणारं समजावं. अपवाद आहेच: ट्यूबॅस्ट्रियाची एक फांद्यांची जात काळपट हिरवी असते आणि तीही शैवालाविनाच जगते. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे नारिंगी गोळा आणि पिवळी फुलं, तुमच्याकडे ट्यूबॅस्ट्रिया आहे.

आता त्या हिरव्या बाटलीकडे. फायटो म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय वनस्पती. सन कोरल मांसाहारी आहे, त्याला दिसण्याजोगा घास लागतो. रोज दहा मिली म्हणजे महिन्यात तीनशे मिली हिरवं पाणी टाकीत गेलं, कुणी खाल्लं नाही, कुजलं आणि नायट्रेट ४० वर नेऊन ठेवलं. बाटली आजपासून बंद.

जेवणाला मायसिस (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव) सगळ्यांत सोयीची. गोठवलेली, चौकोनी तुकड्यांत मिळते. नाही मिळाली तर मासळी बाजारातली समुद्राची कोळंबी आणा. सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, कच्चीच दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करा आणि एका वेळेपुरत्या पुड्या करून गोठवा. मीठ-हळद लावलेली किंवा उकडलेली नको. नदीतली झिंगं अधूनमधून चालतील, पण रोजचं खाणं समुद्रातलंच असावं, कारण त्यातली स्निग्ध द्रव्यं वेगळी असतात. ब्राइन श्रिम्प नुसती दिली तर पोट भरल्यासारखं दिसतं, अंगाला लागत नाही. पोषक घातलेली असेल तरच घ्या. गोठलेला तुकडा अर्ध्या वाटी आरओ पाण्यात विरघळवा आणि चहाच्या गाळणीत ओता. गाळलेलं पाणी फॉस्फेटने भरलेलं असतं, ते सगळं टाकीत जाऊ देऊ नका. त्यातलं चमचाभर मात्र बाजूला ठेवा, त्याचं काम आहे.

पहिल्या रात्रीची कृती नीट सांगायला हवी, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. नऊ वाजता टाकीचा लाइट बंद करा. मुख्य पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. तेलकट अन्न पाण्यात आलं की स्किमर वेड्यासारखा फेस काढून वाहू लागतो. पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) अगदी हळू ठेवा. मासे आणि श्रिम्पला टाकीच्या दुसऱ्या टोकाला आधीच पोटभर घाला. मग मेडिकलमधून आणलेल्या, सुई नसलेल्या दहा मिलीच्या सिरिंजला हवेच्या पंपाची वीतभर कडक नळी लावा आणि ते चमचाभर पाणी, दोन-तीन मिली, कोरलच्या जरा वरच्या बाजूने सोडा. हा जेवणाचा वास. त्यानंतर वीस ते चाळीस मिनिटं नुसतं थांबायचं. लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात बघा. पांढरा उजेड पडला की ते मिटतं, तुम्ही त्या रात्री पाहिलंतच. आधी तोंडांमधली कातडी फुगते. मग वाट्यांच्या कडेला पिवळे ठिपके दिसतात, ते वाढून पाकळ्यांसारखे हात होतात. हात बाहेर आल्याशिवाय घास देऊ नका. मिटलेल्या तोंडावर पडलेला तुकडा कुजतो आणि खालचं मांस घेऊन जातो.

उघडलं की नळीचं टोक एका सेंटिमीटरवर धरून दोन मायसिस हातांवर पडू द्या. तोंडात कोंबू नका. हात आपोआप आत वळतात, मिनिट-दोन मिनिटांत घास तोंडाकडे सरकतो आणि मधली चीर उघडून तो आत घेते. मग पुढचं तोंड. वसाहत एक दिसली तरी एकाने खाल्लेलं दुसऱ्यापर्यंत फारसं पोचत नाही. पंगतीत प्रत्येक पानावर वेगळं वाढावं लागतं, तसं. बावीस तोंडांना दोन-दोन म्हणजे चव्वेचाळीस मायसिस. एक चौकोन पुरून उरतो. उरलेलं टाकीत सोडायचा मोह टाळा. शेवटचा घास गिळून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पंप, तासाभराने स्किमर सुरू करा आणि खाली सांडलेलं त्याच सिरिंजने ओढून घ्या.

पहिल्या रात्री उघडलं नाही तर घास न देता पंप सुरू करून झोपा, दुसऱ्या रात्री त्याच वेळेला पुन्हा. वेळ ठरलेली असली की कोरल शिकतं, आठ-दहा दिवसांत वास येण्याआधीच फुगायला लागतं. एकदा लय बसली की वेळ रोज थोडी अलीकडे आणून दिवसाही उघडायला लावता येतं. पाहुण्यांना दाखवण्यापलीकडे त्याचा कोरलला फायदा नाही, पण मोह कुणाला होत नाही! जेवण सुरुवातीचे तीन आठवडे रोज, मग आठवड्यात तीनदा. दोनदावर आलात तर ते जगेल, वाढणार नाही. सकाळी तोंडातून चिकट पांढरट गोळी बाहेर पडलेली दिसली तर घाबरू नका. पचून उरलेलं ते तिथूनच टाकतं, दुसरी वाट त्याला नाही.

तुमच्या टाकीतला खरा चोर क्लीनर श्रिम्प. कोरलने घास धरला की तो वर चढतो आणि तोंडात पाय घालून घास उपसून काढतो. हे दोन-चार वेळा झालं की पॉलिप जखमी होतो आणि उघडणं सोडून देतो. तुमचं कोरल रात्री दोनला, सगळं शांत झाल्यावर फुललं, त्यामागे हेच असण्याची शक्यता मोठी. आधी पोटभर घालूनही तो ऐकला नाही, तर दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ कापा, कड पॉलिश पेपरने घासा आणि ती उलट्या वाटीसारखी कोरलवर पालथी घाला. बूच उघडं ठेवून त्या तोंडातून सिरिंजची नळी आत. पंधरा-वीस मिनिटं आतलं अन्न आतच राहतं आणि श्रिम्प बाहेरून बाटली खाजवत बसतो. जास्त वेळ ठेवू नका, आत पाणी फिरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे कोरल टाकीच्याच पाण्याने भरलेल्या तीन-चार लिटरच्या डब्यात काढून तिथे जेवू घालायचं आणि तासाभराने परत ठेवायचं. टाकीचं पाणी घाण होत नाही हा मोठा फायदा. पण उन्हाळ्यात डब्यातलं पाणी अर्ध्या तासात दोन अंश वर चढतं, म्हणून डबा दुसऱ्या थंड पाण्याच्या टोपात ठेवा आणि थर्मामीटर घालून बघत राहा. कोरल उचलताना नेहमी खालच्या दगडाला धरा. फुगलेलं असताना बाहेर काढलंत तर पाण्याच्या वजनाने मांस धारदार कडांवर फाटतं. मिटू द्या, मग उचला.

खाऊ घालणं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे घातलेलं बाहेर काढणं, आणि शैवालाविना जगणारी कोरलं पाळणारे बहुतेक लोक हरतात ते इथेच. जेवढं अन्न आत, तेवढं नायट्रेट-फॉस्फेट पाण्यात. तुमच्या दीडशे लिटरला निदान तीनशे लिटरसाठी लिहिलेला स्किमर हवा. नायट्रेट ४० वरून खाली आणायला दर आठवड्याला तीस लिटर पाणी बदला: पहिल्यानंतर ३२, दुसऱ्यानंतर साधारण २६, तिसऱ्यानंतर २० च्या आसपास, अर्थात मध्ये नवं भरत गेलं नाही तर. एकदम शंभर लिटर बदलून टाकू नका. क्षारता (पाण्याचा खारेपणा) आणि तापमानाचा धक्का उपाशी कोरलला सोसत नाही. २० च्या खाली आलं की ठीक, दहाच्या आसपास उत्तम. फॉस्फेट ०.१ च्या खाली राहू द्या. ते शोषणारं फेरिक ऑक्साइड वापरायचं तर पाकिटावरच्या मापाच्या अर्ध्याने सुरुवात करा.

क्षारता ३५, केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) ८ ते ९, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि तापमान २४ ते २६ अंश असावं. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजत असाल तर तो ३५ च्या तयार द्रावणाने जुळवा. नुसत्या पाण्याने शून्य जुळवलेलं यंत्र ३५ ला चुकू शकतं.

पाणी कुठलं वापरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. बोअरचं असेल तर आजच थांबवा. आपल्याकडच्या घरगुती आरओवर भरवसा ठेवण्याआधीही त्याचं झाकण उघडून बघा. आत 'टीडीएस कंट्रोलर' नावाचा छोटा पेचाचा नळ असतो, तो गाळलेल्या पाण्यात कच्चं पाणी मिसळतो, चवीसाठी. शिवाय पुढे मिनरल कार्ट्रिज असतं. पिण्यासाठी हे ठीक, कोरलसाठी घातक. मेम्ब्रेनमधून निघणारी नळी या दोन्हीच्या आधीच वेगळी काढा, पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) कार्ट्रिज लावा आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य येतंय का पाहा. पाचच्या वर गेलं की रेझिन बदलायची वेळ झाली. मीठ रीफसाठीचंच (कोरलच्या टाकीसाठीचं), लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे तीस लिटरला एक किलो शंभर ग्रॅमच्या आसपास. एक दिवस आधी कालवून पंपाने फिरत ठेवा.

पाण्याचा प्रवाह मध्यम ते जोरदार हवा, पण समोरून तोंडावर नको. पॉवरहेड समोरच्या काचेवर मारा, आपटून परतणारं पाणी कोरलवरून जाऊ द्या. उघडलेले हात सगळे एकाच बाजूला वाकलेले दिसले तर प्रवाह थेट आहे. गोल-गोल डुलले तर बरोबर.

भुसावळचा उन्हाळा हा तुमचा पुढचा परीक्षक, आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) यायला फार दिवस नाहीत. पाणी ३० च्या वर गेलं की कोरलची भूक वाढते आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो, दोन्ही एकदमच. खान्देशात एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: एप्रिल-मेमधली कोरडी हवा. पाण्याच्या पृष्ठभागावर आडवे मारणारे दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे या हवेत टाकी तीन-चार अंशांनी खाली आणतात. पण त्याच खोलीत खिडक्या लावून वाळ्याचा कूलर चालवलात तर हवा दमट होते आणि पंखे निकामी. कूलर दुसऱ्या खोलीत, किंवा खिडकी उघडी. पावसाळ्यात हेच पंखे अर्ध्या कामाचेही राहत नाहीत, तेव्हा ऑगस्टमधल्या उघडिपीला गाफील राहू नका.

पंख्यांची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. तुमच्या टाकीतून दिवसाला पाच लिटर उडालं आणि भरलं नाही तर क्षारता ३५ वरून ३६.२ होते, दोन दिवसांत ३७.५. मीठ उडत नाही, पाणी उडतं. म्हणून भर घालायची ती आरओ-डीआयच्या गोड्या पाण्याची, शक्यतो फ्लोट असलेल्या ऑटो टॉपअपने. हाताने घालायची तर सकाळ-संध्याकाळ, टाकीवर खूण करून.

खोली ३८ वर गेली की पंखे पुरणार नाहीत. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेणार असाल तर डब्यावर लिहिलेल्या लिटरवर जाऊ नका, ते थंड खोलीसाठी असतं. एक माप मोठा घ्या आणि त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल असा बसवा. नाहीतर तो स्वतःशीच भांडत राहतो. अडीअडचणीला गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत सोडतात, पण तिच्याकडून फार अपेक्षा नको: एक लिटरची बाटली दीडशे लिटर पाणी जेमतेम पाऊण अंश खाली आणते.

आणि वीज. दीपनगरचा वीज प्रकल्प शेजारी असला म्हणून आपले दिवे जात नाहीत असं नाही. घरच्या इन्व्हर्टरवर पॉवरहेड आणि हवेचा पंप घ्या, दोन्ही मिळून वीस-पंचवीस वॅट. चिलर त्यावर नको. कोरलला भरपूर जेवू घातल्यानंतरची रात्र प्राणवायूसाठी सगळ्यांत नाजूक असते. दिवे जाण्याची वेळ ठाऊक असेल तर त्या रात्री पंगत पुढे ढकला.

आता 'कार्नेशन'. घेऊ नका. हे डेंड्रोनेफ्थिया, पारदर्शक देठात सुयांसारखे बारीक काटे दिसणारं, टाकीतलं सगळ्यांत देखणं आणि सगळ्यांत लवकर मरणारं कोरल. तुमची हिरवी बाटली खरं तर याची. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तांबड्या समुद्रातल्या अभ्यासात दिसलं, की हे प्राणी असूनही मुख्यतः वनस्पतीप्लवकांवर जगतं. पण त्याला ते दिवसरात्र, जोरदार प्रवाहात, सतत हवं असतं. दिवसाला दहा मिली म्हणजे त्याच्यासाठी वास. तेवढं सतत पुरवायला डोसिंग पंप, फ्रिजमध्ये ठेवलेलं अन्न आणि टाकीच्या कितीतरी पट पाणी फिरवणारी व्यवस्था लागते. दीडशे लिटरच्या घरगुती टाकीत ते दर आठवड्याला थोडं लहान होत जातं आणि दोन-तीन महिन्यांत देठासकट विरघळतं. दुकानात फुगलेलं दिसतं म्हणून फसू नका, ते पाण्याने फुगतं.

लाल फांद्यांचं 'रेड फिंगर' हे गॉर्गोनियन, म्हणजे समुद्रपंख्यांच्या कुळातलं. जगवायला कार्नेशनपेक्षा सोपं, सायक्लॉप्ससारखं बारीक अन्न रोज लागतं. पण त्याच्याआधी कायदा आड येतो, आणि हा भाग तुमच्या सन कोरललाही लागू आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सगळे गॉर्गोनियन आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणं-विकणं हा गुन्हा. परदेशातून आलेल्या कठीण प्रवाळांना साइट्सचे (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद लागतात. ट्यूबॅस्ट्रिया रीफ बांधत नाही, तरी ते कठीण प्रवाळांतच मोडतं. दुकानदाराकडून पक्कं बिल आणि आयातीच्या परवान्याची प्रत मागा. तो टाळाटाळ करू लागला तर जळगावच्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते विचारा, आणि त्या दुकानातून दुसरं काही आणू नका. दरम्यान वाढलेले तुकडे विकू नका, वाटूही नका, आणि नको झालं म्हणून कुठल्याही पाण्यात सोडायचं तर नाहीच. हेच सन कोरल मूळचं हिंद-प्रशांत महासागरातलं. १९४३ मध्ये कॅरिबियनमध्ये नोंदलं गेलं, पुढे ब्राझीलच्या किनाऱ्यावर तेलाच्या प्लॅटफॉर्मांवरून पसरलं आणि तिथल्या स्थानिक प्रवाळांना आता जागा सोडायला लावतंय.

राहिले ते नारिंगी ठिपके. त्यांची दोन उत्तरं आहेत आणि एक भिंग घेऊन तुम्हीच ठरवू शकता. ठिपका सुटा, मोहरीच्या दाण्याएवढा, काचेला चपटा चिकटलेला, आणि रात्री त्याच्याभोवती बारीक हात फुटलेले दिसले तर ती सन कोरलची पिल्लं. वसाहत अळ्या सोडते, त्या काही दिवस फिरून बसतात. हे तब्येतीचं प्रमाणपत्र समजू नका, त्रासलेली वसाहतही पिल्लं सोडते. त्यांना खरवडू नका. सायक्लॉप्स किंवा कुस्करलेली मायसिस सिरिंजने वरून हळूच सोडत राहा.

पण ठिपके कोरलच्या बुडाशी, मण्यांच्या गुच्छासारखे एकमेकांना चिकटलेले असतील तर ती एपिटोनियम गोगलगाईची अंडी. ही शिंपल्यावर उभ्या कंगोऱ्यांची, सेंटिमीटरभराची गोगलगाय फक्त असलीच कोरलं खाते आणि खाऊन खाऊन त्यांच्याच रंगाची होते, म्हणून दिवसा दिसत नाही. लाइट बंद करून दोन तासांनी लाल टॉर्चने बुडाशी, वाट्यांच्या मधल्या खाचांत बघा. सापडली तर चिमट्याने काढा, अंडी जुन्या टूथब्रशने टाकीबाहेर, वेगळ्या डब्यातल्या टाकीच्याच पाण्यात घासून काढा. आयोडीनचं डिप (त्या द्रावणात बुडवणं) बाटलीवरच्या मापाने दहा-पंधरा मिनिटं चालेल, पण ते अंड्यांना मारत नाही, म्हणून पुढचे तीन आठवडे दर चौथ्या रात्री तीच तपासणी. याच वेळी लांबट, अंगावर बोटांसारख्या झालरी असलेली नारिंगी समुद्री गोगलगाय, फेस्टिला, दिसली तर तिलाही तोच चिमटा. अंडी निघाली तर आधी त्यांचा बंदोबस्त करा आणि मगच पंगत सुरू करा, कारण कुरतडलेलं तोंड कितीही वास सोडलात तरी उघडत नाही.